झाडे सरांची दुसरी लाइन

झाडे सरांनी नोकरी देण्याआधी मला सहा किलोमीटर चालायला लावलं. हिंगणघाट रस्त्यावर एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, तिथं कॉम्प्युटर विभागात ऑपरेटरची जागा निघाली होती. मुलाखतीला मी वर्ध्याहून ऑटोनं गेले. प्रमाणपत्रांची फाइल सरांनी उघडलीही नाही. इथं कशा आल्या, एवढंच विचारलं. मी ऑटोनं म्हटलं.

"ऑटो बंद पडला असता तं?"

"चालत आले असते."

"किती वेळ लागला असता?"

मला माहीत नव्हतं. सरांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि चालत घरी जा, वेळ मोजा, उद्या येऊन सांगा, मग नोकरीचं बोलू, म्हणाले. एप्रिलमधली दुपार होती. बाकावरच्या बाकी उमेदवारांनाही तेच सांगितलं. त्यातले बरेच जण फाटकातून निघून सरळ ऑटोत बसले आणि दुसऱ्या दिवशी मनानंच आकडा सांगून मोकळे झाले. मी चालत गेले. एक तास सत्तावीस मिनिटं लागली. मी आकडा सांगितल्यावर सरांनी वाटेत पाणी कुठं मिळतं ते विचारलं. मी दोन जागा सांगितल्या. बाकीच्यांना एकही सांगता आली नाही.

सर फौजेच्या सिग्नल विभागात सतरा वर्षं काढून आलेले. बुटके, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. सकाळच्या सहीला एक, संध्याकाळच्या सहीला दुसरं, कारण नुसतं ठेवलेलं पेन ऐन वेळी वाळलेलं निघतं. राहायला नाचणगावला. पुलगावहून पॅसेंजरनं येत, पॅसेंजर लेट असली तर एस.टी.नं. दोन्हींची वेळापत्रकं तोंडपाठ. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच त्यांचा प्रश्न कळायचा, "दुसरा कोनता?" चहावाला आला नाही, तर दुसरा कोनता? कपाटाची किल्ली सापडत नाही, तर दुसरी कोनती? एकदा लेखा विभागातला एक क्लार्क पहिली मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन आला. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि "एकच?" असं विचारलं. त्या बाळंतपणात त्याची बायको जेमतेम वाचली होती. ते आम्हाला ठाऊक होतं, सरांनाही होतं.

काम मात्र पक्कं. ही सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. तेव्हा हॉस्पिटलात कॉम्प्युटर म्हणजे एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले तीस-चाळीस पडदे. नोंदणी, लॅब, वॉर्ड, औषध दुकान. बहुतेक ठिकाणी सर्व्हरला एकच वायर असायची. ती उंदरानं कुरतडली की दुपारपर्यंत सगळे हातावर हात धरून बसत. झाडे सरांनी सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं बसवली. दोन कार्डांना दोन वायरी, त्या दोन वेगळ्या स्विचना, म्हणजे पुढे वायरी वाटणाऱ्या डब्यांना, आणि दोन्ही स्विच वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या मीटरवर. दोन्ही कार्डांना मिळून पत्ता मात्र एकच, त्यामुळे पलीकडच्या पडद्याला वाटायचं की रस्ता एकच आहे. एक वायर गेली की दुसरी काम उचलायची. असं कुणालाही करता येतं, असं सर म्हणत. त्यांची अट पुढची होती.

"तुटून जुडलं तं काय कवतिक? तुटलं हे कोनाले समजलंच नाई पाह्यजे."

म्हणून दर शनिवारी सकाळी अकराला, ओपीडी भरात असताना, परीक्षा. आम्ही सगळे कॉम्प्युटर रूममध्ये एका रांगेत उभे राहायचो. सर दोनपैकी कोणतीही एक वायर उपटायचे आणि औषध दुकानात फोन लावायचे, "पडदा हालला काय?" तिकडून "नाही सर" आलं की फोन ठेवून आमच्याकडे वळायचे आणि म्हणायचे, "पाहा." बस, एवढंच.

एका शनिवारी औषध दुकानातल्या फार्मासिस्टनं गंमत म्हणून "हालला सर" असं सांगितलं. सरांनी तासभर सगळं उघडून पाहिलं, काही सापडेना. मग त्यानं हसत कबूल केलं. सर रागावले नाहीत. दुकानात गेले, त्याच्या कॉम्प्युटरची वायर काढली, गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाले की दुसरा रस्ता हात हाये, चालू ठेवा. तीन दिवस त्या माणसानं कार्बन लावून हातानं बिलं लिहिली. रांग पार दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं औषधाची चिठ्ठी त्याच्या तोंडावर फेकली. सर रांगेच्या बाजूला उभे राहून हे पाहत होते. चौथ्या दिवशी वायर परत मिळाली. नंतर दर शनिवारी "नाही सर" हे उत्तर प्रश्न संपायच्या आधीच यायचं.

कॉम्प्युटर रूम नर्सिंग कॉलेजच्या इमारतीत होती आणि हॉस्पिटल समोर, आवारातला रस्ता ओलांडून. इमारतीत दोन रस्ते होते, पण बाहेर हॉस्पिटलकडे जाणारी केबल एकच, कँटीनच्या बाजूनं. सर दोन वर्षं ट्रस्टच्या सचिवांच्या मागे लागून होते की वसतिगृहाच्या बाजूनं दुसरी टाका. शेवटी मंजूर झाली. सरांचा नियम असा की लाइन पडत असताना ती पायानं चालून पाहायची, टोकापासून टोकापर्यंत. पण त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोचं डायलिसिस सुरू झालं.

झाडे काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. साखर आणि ब्लडप्रेशर, दोन्ही जुनं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना आमच्याकडे उपचार मोफत होते. बाहेर म्हणजे नागपूर, आठवड्यातून दोनदा, जन्मभर. नाचणगावची तीन एकर जमीन त्याला पुरणार नव्हती. सर नोकरीत होते तोवर काकू होत्या, हे हॉस्पिटलातल्या झाडूवाल्यालासुद्धा कळत होतं.

सर तीन दिवस कामावर आले नाहीत. त्या तीन दिवसांत दुसरी केबल पडली. ती वसतिगृहाकडून निघाली खरी, पण मध्ये आवारातला सिमेंटचा रस्ता आडवा आला. अध्यक्षांच्या हातानं नुकतंच त्याचं उद्घाटन झालं होतं, मंडपाचे बांबूही अजून निघाले नव्हते. तो फोडायची कुणाची छाती होणार? रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला एक पाइप टाकून छोटी पुलिया केली होती. कँटीनकडची जुनी केबल त्यातूनच गेली होती. ठेकेदाराच्या माणसांनी नवी केबलही वळवून त्याच पाइपात घातली आणि पलीकडे काढून पुन्हा आपल्या बाजूला नेली. कागदावर दोन वेगळे रस्ते. टोकंही वेगळी. फक्त मधले बारा फूट एक.

चौथ्या दिवशी सर आले. नकाशा पाहिला, दोन्ही टोकं पाहिली, "येगळी गेली ना?" असं ठेकेदाराला विचारलं आणि सही केली. चालून पाहिलं नाही. काकूंना दुपारी पुन्हा मशीनवर घ्यायचं होतं.

पुलियात नवी केबल जाताना पाहिली होती आमच्या टेक्निशियननं. त्याचं नाव इखार. देवळीचा, हातानं चांगला, तोंडानं अबोल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांना सांगायला म्हणून आला. त्याच वेळी त्याचे वडील देवळीहून डबा घेऊन आले होते, पहिल्यांदाच मुलाचं ऑफिस पाहायला. इखारनं तोंड उघडण्याआधीच सरांच्या हाताला आदल्या दिवशी त्यानं बनवलेली एक वायर लागली. टोकाला दोन तारा उलट बसल्या होत्या.

सरांनी वडिलांना खुर्ची दिली आणि विचारलं, "हा तुमचा पोरगा व्हय? याले वायर आन सुतळी यातला फरक समजत नाई. तुमी शेतीवर काऊन नाई ठेवला याले?"

मग इखारला म्हणाले की आत्ता, इथंच, पन्नास टोकं बनव. इखार खाली बसला आणि बनवू लागला. वडील खुर्चीवर बसले नाहीत. डबा दोन्ही हातांत धरून उभे राहिले. विसेक टोकं झाल्यावर त्यांनी डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि निघून गेले. इखारनं पन्नास पुरी केली. पुलियाचं सरांना सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं.

तिथून पुढे तीन वर्षं आमचे शनिवार बदलले. सर वायर उपटायचे, फोन लावायचे, तिकडून "नाही सर" यायचं, आणि सर "पाहा" म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे पाहायचो. ते उपटत होते ती वायर खोलीतली. पुलियातले बारा फूट त्या परीक्षेत कधीच येत नव्हते. कुणीतरी रांगेत मागून हळूच "पुलिया" म्हणायचं आणि हसू दाबताना आमचे खांदे हलायचे. मीही त्या रांगेत होते. मलाही हसू यायचं.

काकू मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. आम्हा सगळ्यांची नावं त्यांना पाठ, माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे तेही. सर त्यांच्याजवळ बसत नसत. तासातासानं वॉर्डात डोकवायचे आणि नळ्यांकडे पाहून "काय बाई, चालू हायस का?" विचारायचे. काकू म्हणायच्या, "तुमच्या वायरी पाहा तुमी. माह्यं मी पाहतो." एकदा कँटीनमध्ये कुणीतरी काकूंची तब्येत विचारली. सर बशीत चहा ओतत होते.

"देवानं दोन देल्या," ते म्हणाले, "पन दोन्ही एकाच पाइपावर जोडल्या. डिझाइन चुकलं त्याचं."

आणि स्वतःच हसले. टेबलावर आम्ही पाच जण होतो. इखार उठून हात धुवायला गेला.

पुढे नागपूरच्या एका कंपनीनं सचिवांना सांगितलं की तुमचा सगळा कॉम्प्युटर विभाग आम्ही चालवतो, तुमची माणसं कमी होतील. सचिवांनी बैठक बोलावली. मी टिपणं घ्यायला होते. सरांना वाटलं असतं तर त्यांना गप्प बसता आलं असतं, सचिवांचं मन अजून पक्कं झालं नव्हतं. पण सर उभे राहिले आणि म्हणाले की तीन वर्षांत एकदाही पडदा हललेला नाही, नागपूरवाल्यांनी असं कुठं करून दाखवलं असेल तर नाव सांगावं.

सचिवांनी हसत विचारलं, "आणि पडलं तर?"

"एका येळी दोन्ही रस्ते पडले, तं त्या दिवशी मी घरी."

सचिव माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी इखार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मॅडम, आता तरी सांगू का, असं त्यानं विचारलं. काकूंचं काय होईल, हे तो बोलला नाही, पण तो त्याबद्दलच विचारत होता. मी त्याला सांग म्हणू शकत होते. स्वतःही सांगू शकत होते, मला सर कधी फारसं बोलले नव्हते. पण तीन वर्षं माहीत असून सांगितलं नाही हे कळल्यावर सर माझं काय करतील, ते मला फार्मासिस्टवरून कळलं होतं. मी म्हटलं, तुझं तू पाहा. त्यानं दोन दिवस पाहिलं आणि सांगायचा विचार सोडून दिला.

सात-आठ महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी साडेदहाला हॉस्पिटलातले सगळे पडदे एकदम थांबले. मी कॉम्प्युटर रूममध्येच होते. फोन वाजायला लागले. सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. एक गेली असंल, दुसरी घेते आता, म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले. मिनिट गेलं. दोन गेली. मग उठून त्यांनी दोन्ही खोल्यांतल्या स्विचचे दिवे पाहिले. दोन्ही लाइनींचे दिवे विझलेले. त्यांनी कार्डं बदलली, स्विच बदलले, वायरी बदलल्या. आतलं सगळं दुरुस्त होतं. मग ते बाहेर पडले आणि कँटीनच्या बाजूनं चालत गेले, परत आले. वसतिगृहाच्या बाजूनं गेले, परत आले. दोन वेगळ्या जागी दोन वेगळे बिघाड एकाच क्षणी कसे होतील, हे त्यांना सुटत नव्हतं. ते दोन बिघाड शोधत होते. आम्ही सहा जण खिडकीत उभे होतो. बिघाड एक आहे आणि कुठं आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर तीन वेळा त्या पुलियावरून गेले.

दीड वाजता सफाई कामगार कॉम्प्युटर रूमच्या दारात आला. त्याच्या हातात नाली साफ करायची लोखंडी आकडी होती आणि आकडीला चिखलानं माखलेल्या दोन काळ्या केबल लोंबत होत्या.

"साहेब, सकाळी पुलियात कचरा अटकला होता, तं ओढला. हे तुमचं होय काय?"

सरांनी त्या दोन केबल हातात घेतल्या. एकीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला, मग दुसरीवरचा. दोन्हींवरचे आकडे वाचले. आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही.

चारला सचिवांनी बोलावलं. राजीनाम्याचं पत्र टाइप करून तयार होतं. सरांनी सही केली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या सवलतीबद्दल त्यांनी काही विचारलं असतं, तर मला कळलं असतं, कारण मी बाहेरच होते आणि दार उघडं होतं. त्यांनी विचारलं नाही. काकूंचं त्या दिवशीचं डायलिसिस वॉर्डात चालूच होतं. ते संपेपर्यंत सर पहिल्यांदाच त्यांच्या खाटेशेजारी बसून राहिले.

नागपूरची कंपनी आली. इखारला त्यांनी ठेवलं, मला नोंदणीची प्रमुख केलं. झाडे काकूंना सर पाच-सहा महिने नागपूरला नेत होते, आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा. एक एकर गेल्याचं कानावर आलं. मग एका मंगळवारी सकाळी ते दोघं माझ्या खिडकीसमोर उभे होते.

ट्रस्ट दर मंगळवारी चार गरीब रुग्णांना डायलिसिस मोफत द्यायचा. जो आधी येईल त्याला. कूपन घ्यायचं, बाकावर बसायचं, माइकवर नंबर आला की फाइल घेऊन यायचं. तीन वेळा पुकारूनही फाइल खिडकीत आली नाही, तर जागा पुढच्याची. काकूंचा नंबर चौथा आला, शेवटचा. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, म्हणून त्या चप्पल हातात घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीचं विचारलं. मी सांगितलं. त्या बाकावर जाऊन बसल्या. फाइल आणि कूपन सरांच्या हातात होतं. सर खिडकीशीच थांबले.

"मॅडम, तुमाले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"केबल पडली तेव्हापासून."

"काऊन सांगतलं नाई?"

"इखार सांगायला आला होता. त्याचे वडील डबा घेऊन आले होते, त्या दिवशी."

सरांनी डोळे बारीक करून आठवून पाहिलं. खरोखर प्रयत्न केला, हे मी सांगू शकते.

"कोनते वडील?" ते म्हणाले.

मागे रांग होती. सर बाजूला झाले, आणि पुन्हा वाकून त्यांनी खिडकीतून विचारलं की आता तरी दुसरी लाइन वेगळी टाकली का. मी म्हटलं, नाही, त्याच दोन केबल जोडून घेतल्या, त्याच पाइपात. त्यांना ते खरं वाटलं नसावं. फाइल काखेत मारून ते दारातून बाहेर पडले.

माझ्या खुर्चीतून आवारातला रस्ता दिसतो. सर पुलियापाशी गेले. आधी वरून पाहिलं. मग फाइल रस्त्याच्या कडेला ठेवली, गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि डोकं पाइपाच्या तोंडात घातलं.

पहिल्या तिघांच्या फाइली भराभर झाल्या. मी माइकवर चार नंबर पुकारला. काकू दाराकडे पाहू लागल्या. दुसऱ्यांदा पुकारला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "येतच असतीन, फाइल त्यायच्यापाशी हाय." पाच नंबरचं कूपन समुद्रपूरच्या एका माणसाचं होतं, त्याची बायको तीन महिन्यांपासून येऊन परत जात होती. तो खिडकीला चिकटून माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी तिसऱ्यांदा चार नंबर पुकारला, नावासकट, आणि नेहमी थांबते तितकी थांबले.

मग मी पाच नंबर पुकारला. बाहेर सर पाइपातून डोकं काढून रस्ता ओलांडत होते, दुसऱ्या तोंडानं पाहायला.